आमचा ॲरन हँग होतो

मी आधीच सांगून टाकतो. ठाण्यातल्या अख्ख्या बाळकुमात कॉम्प्युटरमधलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही! चर्चमधल्या फादरचा प्रिंटर कागद खायला लागला की मला बोलावणं येतं. शेजारच्या मालनमावशीचा टीव्ही मुका झाला की मला हाक येते. टीव्ही मुका झालेला नसतो, मावशी रिमोटवर बसलेली असते. पण हे ओळखायलासुद्धा नजर लागते!

त्यामुळे माझ्या मोठ्या भावाचा, ॲरनचा, मेलबर्नहून फोन आला तेव्हा मी नुसता हसलो.

"गॅविन, ममासाठी मी लॅपटॉप ऑर्डर केलाय. टचस्क्रीन आहे. कन्व्हर्टिबल. हाय परफॉर्मन्स. तू हँडल करशील ना?"

"अरे, तू पाठव फक्त!"

आता थोडं घरचं सांगतो, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. आमची ममा, सेसिलिया कोलासो, ऐंशीला टेकलेली. बाळकुमच्या जुन्या गावठाणात आमचं कौलारू घर. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, त्यामुळे दुपारी दोननंतर ऊन आम्हाला फक्त समोरच्यांच्या काचेतून मिळतं. त्या घरात ममा, मी आणि माझी बायको रोवेना. ॲरन मेलबर्नला गेला तो गेलाच. शेवटचा आलेला तो पपांच्या मयताला. तेव्हाही तो शवपेटीला खांदा देऊन संध्याकाळी विमानतळावर, आणि गाव म्हणालं, "बघा, एवढ्या लांबून आला पोरगा!" मी तर जवळूनच आलेलो. मला कोण काय म्हणणार?

ममाचं बीपी, ममाचे गुडघे, ममाचा मोतीबिंदू हे सगळं माझ्याकडे. ममाचा जीव मेलबर्नला. अशी आमच्यात वाटणी झालेली आहे, आणि ती कुणी केली हे मला माहीत नाही.

ममाच्या ऐंशीव्या वाढदिवसाला नक्की येतो, असं ॲरनने कबूल केलेलं. आणि आता लॅपटॉप.

"म्हणजे तो येत नाही," रोवेना म्हणाली.

"असं कुठे म्हणाला तो?"

"माणूस येणार असेल तर आधी यंत्र कशाला पाठवेल? आणि ऐंशी वर्षांच्या बाईला हाय परफॉर्मन्स? ती काय रॉकेट उडवणारे?"

खोका आला. ममाने त्यावर आधी पवित्र पाणी शिंपडलं. मी म्हटलं, "ममा, आत पाणी जाईल!" तर म्हणाली, "देवाचं पानी हाय, बिघडवत नाय." मग मी तो झगमगीत राखाडी लॅपटॉप बाहेर काढला, घरापुढच्या ओट्यावरच्या टेबलावर ठेवला, आणि जमलेल्या जनतेला, म्हणजे ममा, रोवेना आणि कुंपणावरून डोकावणाऱ्या मालनमावशीला, म्हणालो, "आता बघा कमाल!"

स्क्रीन धरली आणि मागे नेली. सरळ झाली. अजून मागे नेली. आडवी झाली. अजून मागे!

ममा किंचाळली. "मोडलास ना रं! पोरानं एवढ्या लांबून धाडला आनि तू पयल्याच दिवशी मोडलास!"

"मोडला नाही ममा, तो असाच दुमडतो! बघ, आता पाटीसारखा झाला!"

"पाटीच पायजे होती तर पाटी धाडली असती ना!"

मालनमावशी कुंपणावरून म्हणाली, "राहू दे गो सेसिल. हात जड हाय पोराचा." ज्या हाताने तिचा टीव्ही बोलता केला, तोच हा हात!

पुढे मी एक चूक केली. चेहरा ओळखून उघडतो म्हणून मी कौतुकाने ममाचाच चेहरा त्याला दाखवला, आणि पासवर्ड असा भक्कम ठेवला की दुसऱ्या दिवशी मलाच आठवेना. तेव्हापासून लॅपटॉप फक्त ममाला ओळखतो. मला ऑफिसचं काही बघायचं असलं की लॅपटॉप हातात घेऊन ममाला शोधत फिरायचं. मी वागळे इस्टेटमधल्या खोके बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅच बघतो. साहेब फोनवर ओरडतायत, ट्रक कंपनीच्या दारात उभा आहे, आणि मी बाथरूमच्या दाराशी, "ममा, जरा तोंड बाहेर काढ!" तोंड बाहेर यायचं ते साबणाने माखलेलं. लॅपटॉप म्हणायचा, मी यांना ओळखत नाही. त्यात चष्मा असला तर एक ममा, नसला तर दुसरी, आणि कवळी काढली की तिसरी!

टचस्क्रीनचं वेगळंच. ममा बोंबील साफ करता करता उठायची आणि तोच हात स्क्रीनवर. बोट घसरलं की दहा गोष्टी एकदम उघडायच्या. एकदा तिने लॅपटॉप उर्दूत नेला, एकदा सगळी अक्षरं हत्तीएवढी केली, आणि एकदा माझ्या साहेबांना अंगठा पाठवला. साहेबांनी विचारलेलं, "डिलिव्हरी लेट का झाली?" त्याला उत्तर म्हणून अंगठा!

आणि हाय परफॉर्मन्स म्हणजे काय, ते आम्हाला ममाने दाखवलं. हे यंत्र जोरात चाललं की बाजूने गरम वारा फेकतं. पाटी करून मांडीवर घेतली की थेट गुडघ्यावर! "गॅविन, शेक कसा छान बसतो रं!" मग काय, रोज संध्याकाळी ममा एक गुडघा, मालनमावशी एक गुडघा, मध्ये लॅपटॉप, आणि त्याला ताप यावा म्हणून मी एक मोटारींच्या शर्यतीचा गेम लावून द्यायचो. गाड्या आपल्याआप भिंतीवर आपटत राहायच्या आणि दोघी डोळे मिटून बसायच्या. हेच यंत्र घेऊन जगात कुणीतरी सिनेमे बनवत असेल. असो.

पण खरं काम रविवारी. चर्चमधली मिसा झाली की ममा ॲरनशी बोलते. आधी रोवेनाच्या फुटक्या फोनवर बोलायची. त्यात ॲरन म्हणजे धुक्यातला एक डाग. आवाज यायचा, मध्येच तो डाग थिजायचा, आणि आम्ही म्हणायचो, "गेलं नेटवर्क." आता लॅपटॉप होता!

पहिल्या रविवारी ॲरन स्क्रीनवर उगवला तर ममाने हातच जोडले. एवढा स्वच्छ!

"आरू! केस पिकले रं तुझे!"

"लाइट आहे ममा, लाइटमुळे."

"आनि ह्ये डोल्याखाली काय? झोपत नाय काय?"

"ममा, तू कशी आहेस? लॅपटॉप आवडला? आता बघ, मी घरातच असल्यासारखं वाटतं ना?"

"वाटतं रं. बरं, वाढदिवसाला कवा येतोस? तिकीट काढलंस?"

आणि ॲरन हँग झाला. तोंड अर्धवट उघडं, एक हात हवेत, डोळे कुठेतरी कॅमेऱ्याच्या वर. मी "हॅलो, हॅलो!" करत धावलो तो थेट राऊटरकडे. बंद केला, चालू केला, तार उपसली, फुंकर मारली, परत खुपसली. ममा मात्र स्क्रीनसमोरून हलली नाही. हनुवटीला हात लावून बघत बसली. थोड्या वेळाने ॲरनच आपणहून गेला, मग मेसेज आला, 'नेटवर्क प्रॉब्लेम. लव्ह यू ममा.'

मला चीड आली. बाळकुमचा कॉम्प्युटर एक्सपर्ट मी, आणि माझ्याच घरात भाऊ हँग होतो? गावात तोंड कसं दाखवायचं?

दुसऱ्या रविवारी कॉलच्या वेळी घरात मिक्सर लावायचा नाही, असा मी हुकूम काढला. रोवेनाने पाट्यावर मसाला वाटला आणि माझ्यावर रुसली. ॲरन हँग झालाच. तिसऱ्या रविवारी मालनमावशीला सांगितलं, गुडघा लांब ठेवा, कॉलवर परिणाम होतो. तीही रुसली. ॲरन हँग! मग राऊटर मी पवित्र कुटुंबाच्या तसबिरीशेजारी उंचावर नेऊन बांधला. ममा म्हणाली, "मेरीमायच्या डोक्यावर वायर?" तरी बांधला. ॲरनने हवापाण्याची चौकशी केली, मालनमावशीच्या नातवाची चौकशी केली, फादरची केली. ममाने विचारलं, "मग कवा?" हँग!

आता माझा संशय एकाच माणसावर. आमचा नेटवाला रत्नदीप. गळ्यात चेन, मोटरसायकलवर वायरचं वेटोळं आणि तोंडात कायम एकच वाक्य, "लाइन चकाचक आहे, साहेब!"

"चकाचक? माझा भाऊ दर रविवारी थिजतो!"

"प्लॅन छोटा आहे ना तुमचा. एवढा भारी लॅपटॉप आणि नेट असलं? फरारी घेतली आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये उभी केली! सगळ्यात वरचा प्लॅन घ्या."

घेतला. रविवारी ॲरन हँग.

मग माझं डोकं फिरलं. गावठाणाच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'रत्नदीपचं नेट म्हणजे लूट आहे. कुणाकुणाला त्रास आहे?' पाच मिनिटांत अख्खं गाव तुटून पडलं. कुणाची मालिका अडकते, कुणाचा मुलगा अभ्यास करता करता अडकतो. एकाने लिहिलं, त्याची बायकोसुद्धा माहेरी अडकलीये, त्याचंही रत्नदीपने काहीतरी करावं. रत्नदीपने वाचलं आणि त्याचाही इगो दुखावला. शनिवारी सकाळी त्याने अख्ख्या गल्लीचं नेट बंद केलं!

आणि लोक कुणाच्या दारात आले? रत्नदीपच्या? नाही! माझ्या! लोकांची मॅच चालू होती. शेवटी मी त्याच्या दुकानात जाऊन ग्रुपवर जाहीर माफी टाइप केली, तो शेजारी उभा राहून शुद्धलेखन तपासत होता. तेव्हा कुठे त्याने जाडजूड नवी वायर आणली, नवा राऊटर लावला. चहूबाजूंनी अँटेना असलेला, उताण्या पडलेल्या खेकड्यासारखा.

"आता थेट स्वर्गाशी बोला," तो म्हणाला. "अडकणार नाही."

पुढच्या रविवारी ममाचा वाढदिवस. ॲरनने आदल्या आठवड्यात मेसेज टाकलेला, 'सुट्टी मिळाली नाही. पण ऑनलाइन फुल टाइम असेन.' तो मेसेज ममाला वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच. तिने ऐकलं आणि म्हणाली, "फुगे किती तळायचे, ते सांग रोवेनाला."

मी ठरवलं. वाढदिवस असा करायचा की गावाने बोटं तोंडात घालावीत. रत्नदीपचा खेकडा घरात आहे, लॅपटॉप घरात आहे, ॲरन दिसलाच पाहिजे, आणि भिंतीएवढा! चुलत भावाकडून मोठा टीव्ही उचलून आणला. ओट्यावर पत्र्याखाली लावला. लॅपटॉप टेबलावर उलटा तंबूसारखा उभा केला, तार टीव्हीला जोडली. मिसा सुटली आणि सगळं गाव ओट्यावर आलं. तळलेले गोल पावासारखे फुगे, मटणाचं झणझणीत इंद्याल, केक. इंद्याल मी स्वतः परतलेलं, हे कुणाला कळावं म्हणून मी दोनदा सांगितलं. कुणाला कळलं नाही.

ममा नवं लाल लुगडं नेसून खुर्चीत बसलेली. मी तिच्या तोंडासमोर लॅपटॉप धरला, तिने कवळी लावली होती, लॅपटॉपने ओळखलं. कॉल लागला. टीव्हीवर भिंतीएवढा ॲरन आला आणि ओट्यावरून किंकाळी उठली.

ॲरन उलटा होता! पाय वर नव्हते, पण डोकं खाली होतं.

"अगो, पोराला उलटा टांगलाय!" मालनमावशी ओरडली.

"तंबू मोड आहे! आत्ता वळेल!" मी लॅपटॉप आपटला, फिरवला, तंबूचा घोडा केला, घोड्याची पाटी केली. ॲरन आडवा झाला, परत उलटा झाला, आणि एकदाचा सरळ झाला. टाळ्या पडल्या. त्या ॲरनला!

त्याने "हॅपी बर्थडे" म्हटलं. त्याची बायको जोविटा येऊन हात हलवून गेली. ममाने केक कापला, पहिला घास स्क्रीनला लावला. केक स्क्रीनला लागल्यामुळे ॲरनचा आवाज बंद झाला, तो मी पुसून परत चालू केला.

"काय पोर हाय गो सेसिल तुझा!" मालनमावशी म्हणाली. "आयसाठी येवढा मोठा यंत्र धाडलान. नशीब लागतं!" सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या ताटलीतलं इंद्याल खात माना हलवल्या. रोवेनाने माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीची तार सरळ केली.

"आरू," ममा म्हणाली. "सगली हायेत इथं. सांग ना त्यांना. कवा येशील?"

आणि ॲरन हँग झाला.

ओठ अर्धे उघडे. एक हात हवेत. डोळे वर. सवयीने मी राऊटरकडे धावणार, तर दारात रत्नदीपच उभा! तोही फुगे खायला आलेला. त्याने माझा दंड धरला. "साहेब, हिरवे दिवे बघा सगळे! माझ्यावर आळ घालायचा नाही!" दिवे खरंच हिरवे होते. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा, भाऊ हँग झालेला असताना, मी स्क्रीनकडे बघितलं.

ॲरनच्या मागे पडदा होता. पडदा हलत होता.

मला वाटलं, भास झाला. मग एक हात आला, जोविटाचा, आणि ॲरनसमोर चहाचा कप ठेवून गेला. कपातून वाफ निघत होती आणि वर जात होती. गावातलं शेंबडं पोरही सांगेल, थिजलेल्या चित्रात वाफ वर जात नाही!

आणि मग कुत्रा आला. वासराएवढा तपकिरी कुत्रा. आला, ॲरनला हुंगलं, पुढचे दोन्ही पाय त्याच्या मांडीवर ठेवले आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत गाल चाटला. एकदा. दोनदा. ॲरन हलला नाही! हात हवेत तसाच. कुत्र्याने तो हवेतला हातही चाटला. ॲरनच्या डोळ्यात पाणी आलं, पण पापणी लवली नाही. माझ्या भावाची जिद्द मी लहानपणापासून ओळखतो.

मग मालनमावशीने अगदी निरागसपणे विचारलं,

"गो बाय, नेटवर्क कुत्र्याला नाय लागत काय?"

ओटा फुटला! लोक हसता हसता खुर्च्यांवरून खाली आले. एकाच्या घशात फुगा अडकला. रत्नदीप तर हात वर करून नाचत होता, "लाइन चकाचक आहे! लाइन चकाचक!" ॲरनला सगळं ऐकू जात होतं. कारण त्याचे कान लाल होत गेले. आधी पाळी, मग अख्खा कान. स्क्रीन फार उत्तम आहे, रंग अगदी खरे दिसतात. पण तो हलला नाही. आता हलणार तरी कसा?

आणि मी? मी सगळ्यात जास्त हसलो. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं थांबलेलो मी या दिवसासाठी! मनात म्हटलं, बघा, नीट बघा, हा तुमचा लांबून आलेला पोरगा!

एकटी ममा हसत नव्हती. ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, टेबलापर्यंत आली. कमरेला खोचलेला पदर सोडला, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर, जिथे कुत्र्याने चाटलेलं, तिथे ॲरनचा गाल पुसला. नीट पुसला, कानापर्यंत. पुसता पुसता तिचा अंगठा खालच्या लाल बटणावर टेकला.

टीव्ही निळा पडला.

"गेला नेटवर्क," ममा म्हणाली आणि लोकांकडे वळली. "केक खाल्लाव काय सगल्यांनी? गॅविन, बघत काय उभा? केक वाट!"

मी केक वाटला. हसणं हळूहळू विरलं. लोक लवकर घरी गेले, म्हणजे फुगे संपल्यावर.

दुपारी भांडी आवरताना मी ममाला गाठलं. मला राहवत नव्हतं. "ममा, तुला कळलं ना? ते नेटवर्क नव्हतं. नाटक होतं. दर रविवारी नाटक करत होता तो!"

ममाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कुणाचा तरी खिसा मारून आलोय.

"तू त्या पोराचं गावापुढं हसं केलंस."

"मी?"

"एवढा टीव्ही कुनी लावला? मी सांगितलेलं? माझ्यापुरता बारका दिसत होता, बरा दिसत होता. सगल्या गावाला भिंतीएवढा दाखवलास. आता त्याला फोन लाव आनि सॉरी बोल."

"मी सॉरी बोलू? ममा, कुत्र्याकडून चाटून घेतलं ते त्याने!"

"लाव बोलते ना!"

रोवेना मोरीपाशी उभी राहून भिंतीकडे तोंड करून घासत होती. तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय, ते मी विचारलं नाही. मी फोन लावला. ॲरनने लगेच उचलला.

"ॲरन, ते... सकाळी जरा..."

"हां, काय झालेलं रे? एकदम सगळं फ्रीझ झालं इकडे."

मी ममाकडे बघितलं. ती कपडा पिळत होती.

"नेटवर्क," मी म्हणालो. "आमच्याकडूनच. सॉरी."

"इट्स ओके, गॅव. इंडियात हे चालायचंच. तू उगाच टेन्शन घेऊ नकोस. लॅपटॉप नीट वापरताय ना पण? तो काही साधा लॅपटॉप नाही."

पुढचा रविवार आला. मला वाटलं, आता कॉल होणारच नाही. झाला. ॲरन जरा तिरका बसलेला, कॅमेऱ्याकडे न बघता. ममाने ना वाढदिवसाचा विषय काढला ना तिकिटाचा. चष्मा पुसला, पुढे वाकली आणि म्हणाली, "आरू, तुझ्या कुत्र्याचं नाव काय रं?"

आता ॲरन खरोखर थांबला. पण हँग नाही झाला. मी तर खुर्ची ओढून समोरच बसलेलो, एक क्षण चुकवणार नव्हतो.

"बाळकुम," तो म्हणाला.

"काय?"

"त्याचं नाव बाळकुम आहे, ममा." आणि मग जरा मोठ्याने, दाराकडे बघून, "बाळकुम! कम हिअर, बॉय!"

वासराएवढं ते जनावर धावत आलं आणि स्क्रीनभर जीभ झाली. ममाने तोंडाला पदर लावला. हसत होती, की रडत होती, हे एवढ्या भारी स्क्रीनसमोर बसूनही मला कळलं नाही, कारण मी बाजूला बसलेलो आणि स्क्रीनवर कुत्रा होता.

त्या दिवसापासून ॲरन हँग होत नाही. एकदाही नाही! ममा त्याला विचारते, बाळकुम जेवला का, बाळकुमला सर्दी आहे का, बाळकुमला मासे चालतात का. ॲरन तासभर बोलतो. एवढं तो आयुष्यात आमच्याशी बोललेला नाही. मिसेनंतर चर्चच्या आवारात ममा प्रत्येकीला धरून सांगते, "आमचा आरू बाळकुमला विसरला नाय बरं! रोज सकाली, रोज संध्याकाली बाळकुमला फिरायला नेतो. पावसात पन." बायका म्हणतात, "नशीब लागतं."

परवा जेवताना मी सहज म्हणालो, "ममा, ठाण्याहून मेलबर्नला फक्त गावाचं नाव गेलं, माणूस काही परत आला नाही."

ममाने घास खाली ठेवला. "तो त्याला रोज फिरायला नेतो. तू मना कवा नेलंस?"

रोवेना म्हणाली, "हे मात्र खरंय हं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून लवकर आलो, चेहरा धुतला, दारात रिक्षा आणून उभी केली. "चल ममा, तलावपाळीला."

ममा लाल लुगडं नेसून तयारच. दारात येऊन थांबली. "घेतलास?"

"काय?"

"लॅपटॉप. आरूला तलाव दाखवू. बाळकुमला पन."

मी परत आत गेलो. लॅपटॉप आणला. तलावपाळीला एका बाकावर ममा बसली, शेंगदाण्याची पुडी घेऊन. तिच्या चेहऱ्याने लॅपटॉप उघडला, माझ्या फोनचं नेट त्याला जोडलं आणि पाटी करून दोन्ही हातांवर धरून तिच्यासमोर उभा राहिलो. गरम वारा थेट माझ्या पोटावर. फिरायला आलेले लोक वळून बघत होते.

ॲरन दिसला. बाळकुमही दिसला. ममा त्यांना बोट करून दाखवायला लागली, तो बघ तलाव, त्या बघ होड्या, ते बघ मधलं देऊळ. बोट स्क्रीनला लागून चित्र सारखं सरकत होतं.

"गॅव," ॲरन म्हणाला, "जरा डावीकडे घे ना. ममा अर्धीच दिसते. अजून थोडं वर... हां, बस. परफेक्ट! आता अजिबात हलू नकोस."

मी हललो नाही.